हजेरीपटापासून प्रबंधापर्यंत: शैक्षणिक संशोधनाविषयीचे सहा गैरसमज

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पुणे जिल्ह्यातल्या मांडवगण फराट्याच्या शिवारात, रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांपैकी काही जवळच्या शाळेत येऊन बसतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोप्या मोडतात, बिऱ्हाडं गावाकडं परततात आणि हजेरीपटावर त्या मुलांच्या नावांपुढचे रकाने रिकामे राहतात. शिरूर-दौंडच्या भीमाकाठी शिकवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही.

या शिक्षकांतलंच कुणी पुढे एम.एड.ला जातं. या अभ्यासक्रमात लघुशोधप्रबंध लिहावाच लागतो. अशा वेळी रोज डोळ्यांसमोर असलेला हा प्रश्न बाजूला पडतो आणि ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांच्या यादीतून विषय उचलला जातो. असं होण्यामागं आळस क्वचितच असतो. कारण असतं ते संशोधन पद्धतीविषयीच्या समजुतींत. त्यांतल्या सहा इथं तपासू.

गैरसमज १: संशोधन म्हणजे आकडेमोड. गणित कच्चं असेल तर ते जमणार नाही.

वस्तुस्थिती: आधी प्रश्न येतो, मग पद्धत, आणि संख्याशास्त्र गरज असेल तरच. ‘किती मुलं मध्येच शाळा सोडतात?’ या प्रश्नाला मोजणी लागते. ‘कोपीवरच्या आईला मुलीला शाळेत पाठवणं का जड जातं?’ या प्रश्नाला मुलाखत आणि निरीक्षण लागतं. तिच्या हातात पाच पर्यायांची प्रश्नावली दिली, तर खरं उत्तर त्या पाचांच्या बाहेरच राहील. मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य काढायला आज संगणक आहे. कोणत्या प्रश्नाला कोणतं साधन लावायचं, हे मात्र संशोधकालाच ठरवावं लागतं. पद्धतीचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हा निर्णय घ्यायला शिकणं.

गैरसमज २: खेड्यातल्या शाळेत कसलं संशोधन? त्याला विद्यापीठ हवं.

वस्तुस्थिती: शिक्षकानं स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर पद्धतशीर उपाय करून पाहणं, याला कृतिसंशोधन म्हणतात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले स्टीफन कोरी यांनी १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि शाळेतला शिक्षक हाच संशोधक असू शकतो, हा विचार शिक्षणक्षेत्रात रुजवला.

आपल्याकडचं उदाहरण तर पुणे जिल्ह्यातलंच आहे. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. १९७९ पासून या संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा कृतिसंशोधन प्रकल्प चालवला. दिवसा गुरं, शेत आणि धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या ९ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग भरवले. शिकवायला गावातलीच माणसं घेतली. वर्गांत मुलींची संख्या मोठी होती. ‘मुलं शाळेत का येत नाहीत?’ हा प्रश्न त्यांनी ‘शाळा मुलांच्या वेळेला का येत नाही?’ असा फिरवून विचारला. प्रश्न बदलताच उपायही बदलला.

गैरसमज ३: गृहीतक आणि परिकल्पना एकच. परिकल्पना चुकली की संशोधन फसलं.

वस्तुस्थिती: गृहीतक म्हणजे आपण तपासायला न घेता मान्य करून चाललेली गोष्ट. ‘वाचनक्षमता चाचणीनं मोजता येते’ हे गृहीतक. परिकल्पना म्हणजे तपासण्यासाठीच मांडलेलं विधान. ‘गोष्टींच्या पुस्तकांचा उपक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांच्या वाचनगुणांत सार्थक फरक नाही’ ही शून्य परिकल्पना. अनेक प्रबंधांत ही दोन्ही एकाच रांगेत बसतात आणि गोंधळ तिथंच सुरू होतो.

शून्य परिकल्पना त्याज्य ठरली नाही, तरी संशोधन वाया जात नाही. उपक्रमाचा परिणाम दिसला नाही, हेही एक उत्तर आहे. ते प्रामाणिकपणे लिहिलं, तर दुसऱ्या शिक्षकाचं एक वर्ष वाचतं.

गैरसमज ४: नमुना जितका मोठा, तितकं संशोधन खरं.

वस्तुस्थिती: नमुना किती मोठा, याआधी तो कसा निवडला, हे पाहावं लागतं. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे २४ लाख लोकांची उत्तरं मिळवली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येतील असं सांगितलं. निवडून आले रूझवेल्ट. नावं दूरध्वनी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि ज्यांना उत्तर पाठवावंसं वाटलं त्यांचंच मत मोजलं गेलं.

याउलट ‘प्रथम’ या संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण पाहा. २००५ साली सुरू झालेल्या या ग्रामीण पाहणीत नेहमीच्या पद्धतीनुसार एका जिल्ह्यातून ३० गावं आणि प्रत्येक गावातून २० घरं, म्हणजे फक्त ६०० घरं निवडली जातात. पण गावं आणि घरं कशी निवडायची, याचे नियम ठरलेले असतात. ओळखीच्या चार शाळांत जाऊन भरून आणलेल्या ४०० प्रश्नावल्यांना सोयीस्कर नमुना म्हणतात. तो वापरायला हरकत नाही. मात्र त्यावरून संपूर्ण तालुक्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

गैरसमज ५: पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीत गुण वाढले, म्हणजे उपक्रम यशस्वी.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त फसगत इथंच होते. एक हिशेब मांडून पाहू. समजा, वर्गात २० मुलं आहेत. गावातल्या १६ मुलांचं डिसेंबरच्या पूर्वचाचणीतलं मध्यमान १२ गुण, आणि शाळा वारंवार तुटलेल्या ऊसतोड कामगारांच्या ४ मुलांचं ४ गुण. पूर्ण वर्गाचं मध्यमान आलं १०.४. पट्टा पडला आणि ती चार मुलं गेली. एप्रिलमध्ये उत्तरचाचणी घेतली आणि उरलेल्या १६ जणांना पहिल्याइतकेच गुण मिळाले, तरी मध्यमान १२ होतं. कुणीही एक अक्षर जास्त शिकलेलं नसताना मध्यमान १.६ नं वाढलं.

म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करायची, आणि किती मुलं मध्येच गेली, ती कोण होती, हे प्रबंधात लिहायचं. शिवाय चार महिन्यांत मुलं नेहमीच्या अध्यापनानंही शिकतात आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा सोपी जाते. यासाठी शक्य असेल तिथं नियंत्रित गट ठेवतात.

गैरसमज ६: ‘सार्थक’ म्हणजे महत्त्वाचं, आणि सहसंबंध म्हणजे कारण.

वस्तुस्थिती: ०.०५ स्तरावर सार्थक याचा अर्थ इतकाच, की प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता. फरक मोठा की क्षुल्लक, हे त्यातून कळत नाही. हजार विद्यार्थ्यांच्या नमुन्यात ०.०७ इतका नगण्य सहसंबंध गुणकही सार्थक ठरतो, आणि वीस जणांत ०.४० असला तरी ठरत नाही.

घरात पुस्तकं असलेल्या मुलांना गुण जास्त मिळतात, एवढ्यावरून पुस्तकांमुळं गुण वाढले असं म्हणता येत नाही. पुस्तकं आणि गुण या दोन्हींच्या मागं आईवडिलांचं शिक्षण आणि घरची स्थिती असू शकते.

आता सचोटीविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. ६० टक्क्यांवर साम्य असेल तर नोंदणी रद्द होते. पहिली तरतूद म्हणजे दहा टक्के उचलण्याची परवानगी नव्हे. दुसऱ्याचा विचार घेतला की त्याचं नाव द्यायचंच. आणि घरी बसून स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्या तर साम्य शोधणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. तिथं संशोधकाची सचोटी हाच एकमेव पहारा असतो.

संशोधन पद्धती शिकायची ती यासाठी, की आपल्याला आवडणाऱ्या उत्तरानं आपलीच फसवणूक होऊ नये. भीमाकाठच्या शाळांत प्रश्नांची कमतरता नाही. यंदा एम.एड.ला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला एवढंच सांगणं आहे: जुन्या प्रबंधांच्या यादीआधी आपल्या वर्गाचा हजेरीपट उघडा. पट्टा पडल्यावर रिकाम्या राहिलेल्या रकान्यांवर बोट ठेवा आणि ती मुलं कुठं गेली, हे एका वाक्यात प्रश्न म्हणून लिहा. तुमचा विषय तोच आहे.