लोकशाही परतल्यावर पक्षांचे काय होते?

आमच्या पांडेसऱ्यात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. पांडेसरा ज्या सुरत शहराचा भाग आहे, त्या सुरतेच्या मतदारसंघाने १९७७ साली मोरारजी देसाई यांच्या रूपाने देशाला पंतप्रधान दिला. त्यांच्या पक्षाचा उदयास्त पाहिला म्हणजे लोकशाही परत आल्यावर पक्ष कसे पालटतात, हे उमगते.

२५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले; वृत्तपत्रांवर बंधने आली. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर होताच संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल व समाजवादी पक्ष या चौघांनी मिळून जनता पक्ष उभारला. मार्चमध्ये त्यास बहुमत मिळाले व आणीबाणी उठली.

परंतु विजयाबरोबर प्रश्नही बदलला. ‘विरोध कोणास करावयाचा?’ याचे उत्तर सर्वांचे एकच होते. ‘राज्य कसे चालवावयाचे?’ याविषयी मात्र एकमत नव्हते. जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही नाते ठेवावे काय, या वादात समाजवादी नेते मधू लिमये अग्रभागी होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला. एप्रिल १९८० मध्ये पूर्वीच्या जनसंघीयांनी भारतीय जनता पक्ष स्थापिला. पराभूत काँग्रेसही जानेवारी १९७८ मध्ये दुभंगली; इंदिरा गांधींचा गट १९८० मध्ये पुन्हा सत्तेवर आला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर स्पेनमध्येही १९७७ सालीच मुक्त निवडणूक झाली. तीत अग्रस्थानी आलेली मध्यममार्गी आघाडी १९८२ च्या निवडणुकीत पार खचली.

मग जनता पक्षाचा खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्याच राजवटीत, १९७८ साली, संसदेने ४४वी घटनादुरुस्ती संमत केली. आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द गेले व ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णयही आवश्यक ठरला. पक्ष मोडला, पण जनतेचे कवच उरले.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होताच मताचा अधिकार तुमच्या हाती येईल. तेव्हा कोणताही पक्ष दारी आला, तर तो कोणाविरुद्ध आहे एवढेच ऐकून थांबू नका. निवडून आल्यावर काय करणार, हेही आवर्जून विचारा.