अठरा रंधे आणि एक पट्टी

फ्रेमवाल्याच्या दुकानात भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे टांगलेले असतात: सोनेरी, काळे, अक्रोडी. गिऱ्हाईक रंग बघतं, रुंदी बघतं आणि एकावर बोट ठेवतं. पट्टीचा छेद कसा आहे, हे सहसा कुणी बघत नाही. खरं काम मात्र तिथंच झालेलं असतं. बाहेरच्या कडेला एक उभार, त्याला लागून खोलगट वळण, मग बारीकशी सपाट कड आणि चित्राकडे उतरणारा गोलवा. या चढउतारांवर खिडकीतला उजेड पडला की पट्टीवर उजळ आणि गडद रेघा उमटतात. सोन्याचा वर्ख त्यानंतरचा. सावल्या आधी लाकडात पाडाव्या लागतात.

आता या पट्ट्या यंत्रातून निघतात, आणि पुष्कळदा त्या लाकडाच्याही नसतात, पॉलिस्टायरीनच्या असतात. एकोणिसाव्या शतकात वाफेवरची यंत्रं आली. तोवर इंग्लंडात हे काम लाकडी रंध्यांवर चाले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये रॉबर्ट वूडिंगसारखे लोक रंधे बनवून विकण्याच्या धंद्यावर पोट भरत होते. रंधा बीचच्या लाकडाचा, पुढं साडेनऊ इंच ही त्याची लांबी ठरूनच गेली. पातं लाकडी पाचरीनं घट्ट केलेलं, आणि ढलपी वरून न निघता बाजूच्या खोबणीतून बाहेर पडायची.

रंधे दोन तऱ्हेचे. एका तऱ्हेत अख्खा आकार पात्यातच घासून घेतलेला. असा रंधा पट्टीवरून चालवत राहिलं की ठरलेली नक्षी उतरते, खोली पुरी झाली की तो आपोआप कापायचा थांबतो. सोय मोठी, पण आकार बदलायचा तर रंधाही दुसरा. दुसऱ्या तऱ्हेतले रंधे जोडीनं येतात: एकाचा तळ खोलगट, दुसऱ्याचा फुगीर. खोलगट तळाचा रंधा लाकडावर उभार काढतो, फुगीर तळाचा खळगा. पूर्ण संच अठरा जोड्यांचा, म्हणजे ३६ रंध्यांचा. बहुतेकांचं काम सम क्रमांकांच्या अर्ध्या संचावर भागे. त्यात १८ रंधे.

या क्रमांकांत एक छान हिशेब आहे. क्रमांक ८ म्हणजे आठ सोळांश, अर्धा इंच त्रिज्या. क्रमांक ४ म्हणजे पाव इंच. रंध्याचा तळ वर्तुळाचा साठ अंशांचा तुकडा असतो, आणि साठ अंशांच्या कंसाची जीवा त्रिज्येइतकीच भरते. त्यामुळे रंध्याची रुंदी मोजली की त्रिज्या कळली. कारखान्या-कारखान्यात आकडे थोडे इकडेतिकडे होत, पण मूळ बेत हाच. उभार आणि खळगे वेगवेगळ्या मापांचे घेऊन एकाशेजारी एक मांडले की अठरा रंध्यांतून वाटेल तो आकार निघतो. यंत्रवाल्याला कॅटलॉगमधून निवडावं लागतं. या कारागिराला कागदावर पेन्सिल चालली की पुरे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. या रंध्यांना ना बाजूचा टेकू, ना खोलीचा अडसर. नुसता लाकडावर ठेवला तर रंधा वाटेल तिकडे सरकतो. म्हणून गोलाईचं काम आधी सरळ रेषांत करायचं. पट्टीच्या दोन्ही टोकांवर छेद आखून घ्यायचा. पट्टी एका लांब फळीवर ठेवायची. फळीच्या कडेला उभी पट्टी ठोकलेली असते आणि टोकाला अडवायला एकदोन स्क्रू. मग पताम रंध्यानं, म्हणजे खाच काढायच्या रंध्यानं, जिथं खळगा हवा तिथं पायरीसारखी खाच घ्यायची. जिथं उभार हवा तिथं कोपरा तिरका छाटायचा. फुगीर रंधा त्या खाचेच्या दोन धारांवर बसतो आणि मग हलत नाही. पहिल्या हाताला त्याच्या बाजूनं दोन बारीक दोरे निघतात, प्रत्येक धारेवरचा एक. प्रत्येक फेरीगणिक ते रुंद होत जातात. दोन्ही मिळून एकच सलग ढलपी निघाली की खळगा पुरा झाला. माप घ्यायलाही नको. यात कौशल्य रंधा ढकलण्यात कमी आणि खाच अचूक घेण्यात जास्त. अमेरिकेतले रंधेकार मॅट बिकफोर्ड यांनी २०१२ मध्ये या पद्धतीवर एक पुस्तकच लिहिलं, आणि त्यातला मोठा भर या खाचांवर आणि छाटांवर आहे.

पॉलिशपेपर शक्यतो लावायचा नाही. तो धारा बोथट करतो, आणि धार बोथट झाली की सावलीची रेघही पुसट होते.

मागच्या बाजूला चित्र आणि काच बसायला वेगळी खाच लागते, साधारण सहा मिलिमीटरची. ती आधी घ्यावी की शेवटी, यावर कारागिरांत एकमत नाही. आधी घेतली तर पट्टी कलंडते आणि खाली आधाराची काडी सारावी लागते. लांबीचा हिशेब मात्र आधीच हवा. ४० बाय ३० सेंटिमीटरचं चित्र आणि पाच सेंटिमीटर रुंद पट्टी असेल तर बाहेरून बाजू भरतात ४८.८ आणि ३८.८ सेंटिमीटर, चारही मिळून १७५ च्या वर. कापण्यात जाणारं धरून दोन मीटर पट्टी एकाच लांबीत काढलेली बरी. हाताचं काम इंचाइंचाला किंचित बदलतं. चार तुकडे वेगवेगळे काढले तर पंचेचाळीस अंशांच्या सांध्यात एका बाजूचा खळगा दुसरीच्या खळग्याला भेटत नाही, आणि तो कोपरा पुढं पटाशीनं सावरत बसावं लागतं.

रंध्याला मुळीच न जुमानणारी लाकडं असतात. सतराव्या शतकात अॅमस्टरडॅममध्ये काळ्याभोर एबनीच्या फ्रेमची चलती होती. डचांनी १६३८ मध्ये मॉरिशसवर वस्ती केली, त्यात तिथल्या एबनीचा लोभ होताच. (आपल्याकडे विडीच्या पानांसाठी ओळखली जाणारी टेंभुर्णी याच कुळातली.) एबनी इतकी कठीण की तिच्यावर लाटांची नक्षी उठवायला वेगळं यंत्र निघालं: खाली लहरी कापलेली साचापट्टी, तिच्यावर चढत-उतरत जाणारं पातं, आणि दर खेपेला खरवडून निघणारा भुगा. जोसेफ मॉक्सन या इंग्रजानं त्याच शतकात या यंत्राचं वर्णन करून ठेवलंय. या धंद्यातला एक माणूस आजही बघता येतो. हर्मन डोमर हा अॅमस्टरडॅमचा एबनी कारागीर. रेम्ब्रांटनं १६४० मध्ये त्याचं व्यक्तिचित्र काढलं आणि ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फ्रेम करणाराच फ्रेममध्ये जाऊन बसलाय.

चित्रकारांनाही छेदाचं महत्त्व कळत होतं. देगाच्या वह्यांत फ्रेमच्या छेदांची रेखाटनं सापडतात. व्हिसलरनं समांतर बारीक उभारांच्या पट्ट्या वापरल्या आणि त्या घाटाला त्याचंच नाव चिकटलं.

१८९७ मध्ये अमेरिकेच्या स्टॅन्ली कंपनीनं ५५ क्रमांकाचा लोखंडी रंधा काढला. पन्नासावर पाती, सरकते टेकू, असंख्य स्क्रू. लाकडी रंध्यांचं सगळं कपाट एका पेटीत, असा त्याचा थाट. तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विकला गेला, पण जुळवणीत वेळ खाणारं अवजार म्हणूनच जास्त गाजला. साधे लाकडी रंधे त्याच्यापुढं अडाणी दिसतात, तरी हात घालताच कामाला लागतात.

आपल्याकडच्या सागावर हा प्रयोग करणाऱ्यानं एक गोष्ट धरून चालावी: सागात सिलिकाचे कण असतात आणि पात्याची धार झपाट्यानं जाते. खोलगट धारेचं पातं सपाट दगडावर लागत नाही, त्याला गोल कडेचा दगड हवा, आणि दर वेळी तळाच्या वळणाशी पातं ताडून बघायला हवं. शिवणीचं लाकूड त्या मानानं मऊ आणि समंजस. पहिली पट्टी काढायला तेच घ्यावं, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं.