बोटे जेव्हा असहकार पुकारतात

दिवाळीच्या दिवसांत चकलीचा सोऱ्या दाबता दाबता गृहिणीच्या अंगठ्यात पेटका येतो, आणि परीक्षेचे पेपर तपासता तपासता आम्हां मास्तरांची बोटे वळतात. दोघांनाही घरातून एकच निदान ऐकावयास मिळते : ‘वात आहे, तेल चोळा!’ तेलाने कुणाचे वाईट होत नाही. पण पेटका का आला, हे तेलाच्या वाटीला ठाऊक नसते.

पेटका केव्हा येतो, हे आधी पाहावे. फार कामाने आला व विसाव्याने गेला, तर तो दमलेल्या स्नायूंचा. घामाने किंवा जुलाबाने अंगातले पाणी व क्षार गेले, तरी स्नायू आखडतात. रक्तातले कॅल्शियम फार उतरले, तर ओठांभोवती मुंग्या येऊन बोटे आपोआप जुळू लागतात. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि करंगळी तेवढी शाबूत असते, असे असेल तर मनगटात मज्जातंतू दाबला जात असावा. मधुमेह्यांत व थायरॉईड मंदावलेल्यांत हे अधिक आढळते.

एक पेटका मात्र मोठा लबाड! तोच हात पोळी लाटतो, गुंडी लावतो; लेखणी धरली की मात्र वाकडा होतो. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी लेखनिकांच्या दुखण्यांविषयी १७१३ साली लिहिले. त्यांच्या माहितीतल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्याने लिहावयास शिकला. पुढे डाव्याचीही तीच गत झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पोलादी टाकाला दोष दिला गेला. तारायंत्रावरच्या कामगारांनाही असाच पेटका जडला, आणि १९०८ साली ब्रिटनमध्ये तो नुकसानभरपाईस पात्र ठरला. तरी ‘मनाचा दुबळेपणा’ हा शिक्का काही पुसेना. अखेर १९८२ साली शीही व मार्सडेन या डॉक्टरांनी रुग्ण तपासून दाखविले, की लेखणीचा हा पेटका मनाचा नव्हे. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमांतच घोटाळा होतो. आज त्यावर बोट्युलिनम विषाच्या अल्प मात्रेचे इंजेक्शन देतात. जाड लेखणीनेही काहींना आराम पडतो.

म्हणून, सही जुळत नाही म्हणून ज्याचा चेक परत येतो, त्या गृहस्थाला ‘नीट लिहा की’ असे दरडावण्यापूर्वी जरा थांबावे. आणि पेटका वारंवार येऊ लागला, हात बधिर झाला किंवा वस्तू हातून गळू लागल्या, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांचा दरवाजा गाठावा. हात आळशी नसतो. तो काही सांगत असतो.