गोळी पोटात गेली, रक्तात किती उतरली?

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते. रंग रिफाम्पिसिनचा. निपाणीकडचे पेशंट त्यावरच निर्धास्त असतात. "मॅडम, लघवी भगवी होतीया की! औषध लागू पडलंय. मग रगात कशाला काढताय?" तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका मामांनी विचारलं होतं. सवाल रास्त आहे. पण रंगावरून गोळी गिळल्याचं कळतं, रक्तात औषध किती उतरलं ते कळत नाही.

बेळगावच्या लॅबमध्ये मी तेच मोजते. 50 ते 64 किलो वजनाच्या प्रत्येकाला रोज 4 गोळ्या, म्हणजे 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन मिळतं. डोस तोच, रक्तातला आकडा मात्र ज्याचा त्याचा. कुणाला मधुमेह असतो, कुणी भरल्या पोटी गोळी घेतो, कुणाच्या आतड्यातून औषध नीट शोषलंच जात नाही. गोळीनंतर 2 तासांनी एक मिलिलिटर रक्तद्रवात 8 ते 24 मायक्रोग्रॅम असावं, अशी अपेक्षा. दुसरं रक्त 6 तासांनी घेतात. तेव्हाचा आकडा आधीपेक्षा चढा आला तर औषध सावकाश शोषलं जातंय. दोन्ही कमी आले तर मुळातच कमी पोचतंय.

मोजायचं यंत्र म्हणजे एचपीएलसी. रक्त फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरच्या द्रवातली प्रथिनं ॲसिटोनायट्राइलने साकळवून काढायची आणि उरलेल्यातले जेमतेम 20 मायक्रोलिटर यंत्रात सोडायचे. आत वीतभर लांबीची पोलादी नळी, तिच्यात सिलिकाची बारीक भुकटी. गणपत गल्लीतून जाताना ओळखीपाळखीचा माणूस दुकानोदुकानी थांबतो, परका सरळ निघून जातो, इथंही तसंच. टीबीचंच दुसरं औषध आयसोनियाझिड लवकर बाहेर पडतं, रिफाम्पिसिन भुकटीला चिकटत चिकटत उशिरा येतं. बाहेर पडताना ते अतिनील प्रकाश शोषतं, पडद्यावर डोंगरासारखा आलेख उमटतो. माहीत असलेल्या प्रमाणाच्या आलेखाशी त्याचं क्षेत्रफळ ताडून पाहिलं की आकडा मिळतो.

यंत्राचं कौतुक फार होतं. खरी गडबड होते ती त्याआधी. रिफाम्पिसिन उजेडात आणि उष्णतेत खराब होतं. म्हणून नमुना झाकून ठेवायचा, त्यात व्हिटॅमिन सी घालायचं, रक्तद्रव लगेच वेगळा करून गोठवायचा. निपाणी ते बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. हायवेवर उन्हात तापत आलेल्या नळीचाही यंत्र सुबक आकडाच देतं. आणि नळीवर वेळ लिहिलेली नसेल, तर चांगल्या नमुन्याचा आकडाही वाचता येत नाही.

ही तपासणी सरसकट सगळ्यांची करत नाहीत, करूही नये. उपचार नियमित असूनही थुंकीतले जंतू हटत नसतील किंवा सोबत मधुमेह असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. रक्त द्यायला याल त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली आणि त्याआधी काय खाल्लं, ते चिठ्ठीवर लिहून आणा. आकडा कमी आला तरी डोस स्वतःहून वाढवू नका. तो डॉक्टरच ठरवतील.