विकलेल्या वाहनाचे मोल

धायरी फाट्यावरून गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर सायंकाळी वाहनांची जी रांग लागते, तीत जुनी बजाज चेतक आता क्वचितच दृष्टीस पडते. पडलीच, तर तिच्याकडे वळून पाहणारी एक पिढी या परिसरात अद्याप आहे. पेठांतील वाड्यांमधून बाहेर पडून, भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम आणि बँकेचे कर्ज यांची सांगड घालून येथे दोन खोल्यांचे घर घेणारे शिक्षक, कारकून आणि कारखान्यांतील कामगार यांची ही पिढी. तिच्यातील कोणत्याही गृहस्थाशी थोडा वेळ बोलावे. प्रकृती, पाणी आणि टँकर हे विषय संपले की विकून टाकलेल्या गाडीचा विषय निघतो. गाडीचा क्रमांक तोंडपाठ असतो, विकल्याचा महिनाही आठवत असतो. किती रुपयांना विकली, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

याला स्मरणरंजन म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण विकण्याचा निर्णय हिशेबाने योग्य होता हे ज्याला मान्य आहे, त्यालाच वीस वर्षांनंतरही हळहळ का वाटावी, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो केवळ भावनेचा नाही.

ही हळहळ समजून घ्यावयाची तर त्या वाहनाची मूळ किंमत पाहिली पाहिजे, आणि ती पावतीवर लिहिलेली नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज कंपनी प्रथम इटलीच्या पियाजियोच्या परवान्याने व्हेस्पा बनवीत असे. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. उत्पादन किती करावयाचे हे सरकारी परवान्याने ठरत होते आणि मागणी त्याच्या कित्येक पट होती. नाव नोंदवून अनामत भरावी आणि वाट पाहावी. ही वाट दहा-दहा वर्षांची असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याची पाळी लवकर येई, म्हणून परदेशी असलेल्या मेहुण्याला त्या काळी घरात विशेष मान होता! ज्याची पाळी आली त्याने शोरूमच्या दारातच गाडी दुसऱ्यास विकली, तरी त्याला छापील किमतीपेक्षा अधिक रक्कम मिळे. नव्या वस्तूपेक्षा वापरलेली वस्तू महाग, असा उलटा बाजार त्या व्यवस्थेने निर्माण केला होता. मुलगा बालवाडीत असताना नाव नोंदवावे आणि तो माध्यमिक शाळेत गेल्यावर गाडी दारात यावी, असे ज्या घरात घडले, त्या घराने स्कूटरसाठी रुपयांखेरीज वर्षेही मोजलेली होती.

अशा वस्तूशी मनुष्य वेगळ्या रीतीने वागतो. पेट्रोलमध्ये ऑइल किती मापे टाकले, एका लिटरला किती किलोमीटर पडले, याची नोंद वहीत होत असे. रविवारी सकाळी स्पार्क प्लग काढून सँडपेपरने घासणे हा नित्यविधी होता. थंडीत गाडी सुरू न झाली तर तिला एका अंगावर कलती करून मग किक मारावयाची, हे ज्ञान पित्याकडून पुत्राकडे जाई. पुढे उभे राहिलेले मूल, मागे आडवी बसलेली पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल आणि हँडलला अडकविलेली भाजीची पिशवी, एवढा संसार त्या दीडशे सीसीच्या इंजिनाने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत वाहून नेला आहे.

मग ती विकली का? कारणे साधी आहेत. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य मावळले, रांगा संपल्या, हप्त्यांवर नवी वाहने मिळू लागली. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे खर्च दारात उभे राहिले. सोसायटीत एका घराला एकच जागा, आणि मुलाची मोटारसायकल आलेली. सुट्या भागांसाठी नाना पेठेच्या फेऱ्या वाढल्या. फॉर्मवर सही झाली, आर. सी. बुक आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

येथे बाजाराने जो भाव दिला, तो खरा सलतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधाने पुढे त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळवून दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचे खरे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो, आणि चांगली गाडी असणारा त्यात भरडला जातो. पंधरा वर्षांच्या नोंदींची वही दाखविली तरी दलाल ती उघडूनही पाहत नाही. दुसरी बाजू रिचर्ड थेलर यांनी दाखविली. ते आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले, तेव्हा मग हाती आलेल्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत मागितली, ती घेऊ इच्छिणाऱ्यांच्या देकारापेक्षा सुमारे दुप्पट निघाली. काही मिनिटे हाती असलेल्या मगची ही कथा; मग पंधरा वर्षे हाताळलेल्या स्कूटरचे काय? एकीकडून घेणाऱ्याचा संशय भाव खाली ओढतो, दुसरीकडून धन्याची माया तो वर नेते. मधल्या दरीत जे पडते, तेच पुढे हुरहूर म्हणून वर येते. धायरीच्या मूळ शेतकरी कुटुंबांना हे नवे नाही. बैल बाजारात नेताना त्यांनी हेच अनुभवले आहे. फरक एवढाच की बैलाची घुंगरमाळ खुंटीला ठेवता येत असे, स्कूटरची किल्ली स्कूटरबरोबरच जाते.

मोटारींची कथा याहून निराळी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची; वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. जुने खासगी वाहन जपावयाचे, तर १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीस ६०० रुपयांवरून ५,००० आणि दुचाकीस ३०० वरून १,००० झाले. हौसेलाही दर असतो.

तथापि या हळहळीत एक धोका आहे. वाहनावरील माया पाहता पाहता त्या काळावरील माया होते, आणि तो काळ इतका हळवे होण्याजोगा नव्हता. रांगेत उभे राहण्यासाठीही अनामत लागत होती. जिच्याजवळ ती नव्हती अशी कुटुंबे सायकलवर किंवा पी.एम.टी.च्या बसथांब्यावरच राहिली. त्यांच्याजवळ विकावयास काही नव्हते, म्हणून आज हळहळावयासही काही नाही.

शिवाय ही हळहळ बहुधा पुरुषाची आहे. चेतक विकली तेव्हा गृहिणीला दुःख झाले का, असे कोणी सहसा विचारीत नाही. ब्रेक लागला की पुढे कलंडणारी, पदर चाकात जाऊ नये म्हणून सावध बसणारी ती. त्या गाडीचे हँडल तिच्या हाती कधी नव्हतेच. तिची गाडी वेगळी होती. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. ५० सीसीची, पायडल असलेली, गिअर नसलेली, आणि पेट्रोल संपले तर सायकलसारखी दामटता येणारी. लूनावरून शिक्षिका शाळेत गेल्या, परिचारिका रात्रपाळीला गेल्या, मुली महाविद्यालयात गेल्या, आणि त्यासाठी कोणाच्या मागे बसावे लागले नाही. या शहरातील स्त्रियांच्या नोकरीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास लूनाला त्यात एक प्रकरण द्यावे लागेल. पण ती विकताना घरात बैठक बसली नाही. ‘नाहीतरी आता कोण वापरते’ एवढ्यावर व्यवहार आटोपला. तिचा क्रमांकही कोणी आठवून सांगत नाही. विचारले तर बाई सांगते, आणि न अडखळता सांगते.

कारखानदारांनी मात्र या आठवणींची किंमत ओळखली आहे. डिसेंबर २००९ मध्ये स्कूटरच बंद करण्याचे जाहीर करणाऱ्या बजाजने जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक बाजारात आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. यंत्र नवे, कारखान्याची रीत नवी, जुने आहे ते केवळ नाव. त्या नावाला जे मोल आले, ते काही प्रमाणात रविवारी प्लग घासणाऱ्यांनी आणि रात्रपाळीला जाणाऱ्यांनी मिळवून दिले होते. ते त्यांच्या फॉर्मवर कोठेच लिहिलेले नव्हते.

धायरीतील घरांतून आता या दोन नावांची चर्चा होते. मुलगा पुन्हा चेतकच घ्यावी म्हणतो. वडील एकदा भरल्या बॅटरीत गाडी किती किलोमीटर जाते, ते विचारून वहीच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवतात. आई आतून विचारते, लूनाला अजून पायडल असते का?