अंतर्वेशन आणि अनंत मिती

लघुगणकांचे कोष्टक ज्याने हाताळले आहे, त्याने केव्हा ना केव्हा अंतर्वेशन केलेलेच असते. कोष्टकात दोन किमती दिलेल्या असतात आणि हवी असते ती नेमकी त्यांच्या मधली. दिलेल्या खुणांवरून न दिलेल्या जागेची किंमत ठरविणे, हे अंतर्वेशनाचे मूळ कार्य. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ मधील ‘खंडखाद्यक’ या करणग्रंथात भुजज्येच्या कोष्टकातील मधल्या किमती काढताना लगतच्या फरकांबरोबर फरकांच्या फरकांचाही उपयोग केला. हा प्रश्न इतका जुना आहे. विसाव्या शतकात मात्र त्याने निराळेच रूप धारण केले.

खुणांमधून जाणारा एखादा वक्र काढणे अवघड नाही. अवघडपणा येतो तो वक्रावर अट घातली म्हणजे. १९१६ मध्ये गेओर्ग पिक यांनी आणि १९१९ मध्ये रोल्फ नेव्हानलिना यांनी असाच एक प्रश्न विचारात घेतला. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळात वैश्लेषिक फलन शोधावयाचे, ठराविक बिंदूंपाशी त्याने ठराविक किमती घ्यावयाच्या, आणि कोठेही त्याचे मूल्य एकाच्या वर जाता कामा नये. केंद्रापाशी ज्याची किंमत शून्य आहे, अशा फलनाला अर्ध्या त्रिज्येवरील बिंदूपाशी केवढी किंमत घेता येईल? अर्ध्याहून मोठी नाही. मर्यादेची अट नसती, तर तेथे हवी ती किंमत मिळाली असती. म्हणजे अटीमुळे एका खुणेचा ताण दुसरीवर पडतो. दिलेल्या सर्व किमती एकत्र नांदू शकतात किंवा नाही, हे पिक यांनी त्या किमतींपासून बनविलेल्या एका आव्यूहाच्या परीक्षेने ठरविले.

आता संख्यांच्या जागी सदिश घ्यावेत. ज्यांच्या वर्गांची बेरीज सांत असते अशा अनंत संख्यामालिका म्हणजे हिल्बर्ट अवकाशातील सदिश होत. एका सदिशाचे दुसऱ्या सदिशात रूपांतर करणारा, आणि कोणत्याही सदिशाची लांबी एका ठराविक पटीहून अधिक न वाढविणारा रेषीय नियम म्हणजे कारक. अंतर्वेशनाचा प्रश्न असा : ‘क्ष’ आणि ‘य’ हे दोन सदिश दिले असता, ‘क्ष’ला ‘य’पर्यंत नेणारा कारक आहे काय?

कोणताही कारक चालत असेल तर उत्तर सोपे आहे; ‘क्ष’ शून्य नसला की पुरे. परंतु कारक एखाद्या नेमून दिलेल्या बीजगणितातूनच निवडावयाचा असेल, तर प्रश्नाला धार येते. त्या बीजगणितात प्रत्येक कारकाचा संलग्न कारकही असेल, ते सीमा घेण्याच्या क्रियेला पूर्ण असेल, आणि अवकाशाचा कोणताही खरा बंदिस्त उपअवकाश ते अबाधित ठेवीत नसेल, तर असा कारक नेहमीच मिळतो, असे रिचर्ड कॅडिसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. एकच जोडी नव्हे, तर परस्परांपासून स्वतंत्र अशा कितीही, पण सांत, सदिशांसाठी ते खरे आहे.

याच्या उलट टोकाला जॉन रिंगरोज यांनी १९६५ मध्ये अभ्यासिलेली बीजगणिते आहेत. डबीत डबी बसावी तसे येथे उपअवकाश एकात एक सामावलेले असतात, आणि कारकाला त्यांपैकी प्रत्येक जसाच्या तसा राखावा लागतो. याचे अगदी परिचित उदाहरण म्हणजे काळ. आजचे फळ आजपर्यंतच्या घटनांवरच अवलंबून असावे, उद्याच्या नव्हे, एवढीच ती अट.

समजा, ‘क्ष’ची आजची किंमत १, कालची १/२, परवाची १/४, अशी ती मागे मागे निम्मी होत जाते, आणि ‘य’ची १, १/२, १/३, १/४ अशी उतरते. भूतकाळ कोठे तरी तोडून सांत केला, तर कालक्रम पाळणारा कारक सहज मिळतो. अनंत भूतकाळात मात्र तो मिळत नाही. दहा दिवसांपूर्वीपर्यंतचा भाग घेतला, तर ‘य’ची लांबी ‘क्ष’च्या सुमारे २७४ पट भरते, वीस दिवसांपूर्वीपर्यंतचा घेतला, तर सुमारे २,००,००० पट. कारकाला भविष्य पाहण्याची मुभा नसल्यामुळे ही सारी वाढ त्याला त्या अल्पशा सामग्रीतूनच करावी लागेल. गुणोत्तराला सीमा नाही. तेव्हा सीमित कारक अशक्य.

हे गुणोत्तर सीमित असणे आवश्यक आहे, हे थोड्याशा विचाराने ध्यानात येते. तेवढेच पुरेसेही आहे, ही गोष्ट मात्र सहज दिसणारी नाही. ती क्रिस्टोफर लान्स यांनी १९६९ मध्ये सिद्ध केली. शिवाय हव्या त्या कारकाची कमीत कमी वाढ नेमकी त्या गुणोत्तरांच्या उच्चतम सीमेइतकीच असते, असेही त्यांनी दाखविले. पुढे १९८० मध्ये ॲलन होपेनवासर यांनी हा विचार अधिक व्यापक उपअवकाश-समूहांपर्यंत नेला.

हे दोन प्रवाह परके नाहीत. पिक आणि नेव्हानलिना यांचा प्रश्न कारकांच्या भाषेत मांडता येतो, हे डोनाल्ड सॅरसन यांनी १९६७ मध्ये दाखविले होते. १९८१ मध्ये जॉर्ज झेम्स यांनी नियंत्रणशास्त्राचा एक नवा पाया मांडला, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नांना हेच जुने अंतर्वेशन उपयोगी पडले. यंत्राला आवरणारी योजना भविष्य जाणू शकत नाही, आणि बाहेरील धक्का अमर्याद वाढू देणेही तिला परवडत नाही. तिच्यावरील बंधने नेमकी हीच आहेत.

सांत मितीत एखादी गोष्ट शक्य आहे किंवा नाही, एवढेच विचारावे लागते. अनंत मितीत त्याबरोबर तिची किंमतही विचारावी लागते. प्रत्येक पायरी एकेकटी चढण्याजोगी असूनही सारा जिना चढण्यापलीकडचा असू शकतो. तो भेद आधीच ओळखता यावा, यासाठी गणितज्ञाने ही कसोटी शोधली आहे.