राखेला आम्लाची अंघोळ

कोटा म्हटलं की आपल्याकडच्या आईबापांना आयआयटीचे क्लास आठवतात. त्याच गावात चंबळच्या काठी १९८३ पासून वीज देणारं, वाढत वाढत १,२४० मेगावॉटला पोचलेलं औष्णिक केंद्र आहे. त्याची राख कोटा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गेली आणि तिथल्या संशोधक आशू राणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गंधकाम्लात शिजवून तिच्यापासून उत्प्रेरक बनवला. संपादकांनी ‘राखेवर लिहा’ म्हटल्यावर मी विटा-सिमेंट सोडून हाच धागा धरला.

राखेपासून होणाऱ्या विटा-सिमेंटची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९९९ च्या अधिसूचनेपासून सरकार राख वापरा म्हणून मागे लागलं आहे, तरी देशात वर्षाला २५ कोटी टनांहून जास्त राख निघतेच.

मला ओढ लागली ती राखेच्या हट्टीपणाची. कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. त्यातली माती वितळते, तिचे थेंब धुराबरोबर उडता उडताच गार होतात आणि त्यांचे काचेचे बारीक गोळे बनतात. महागड्या उत्प्रेरकांत असतं तेच सिलिका आणि अ‍ॅल्युमिना या गोळ्यांत भरपूर आहे, पण गुळगुळीत काचेत कोंडलेलं. आम्ल त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम खेचून काढतं. पृष्ठभाग खडबडीत होतो, सिलिकाचं प्रमाण वाढतं आणि प्रोटॉन देऊ शकणाऱ्या जागा उघड्या पडतात. राखेतल्या म्युलाइट या खनिजाचे स्फटिक मात्र आम्लालाही फारशी दाद देत नाहीत.

ही कृती एका महाविद्यालयात, एका संशोधक विद्यार्थिनीशेजारी बसून पाहिली. ढवळण्यासाठी टाकलेला चुंबकाचा तुकडा बाहेर काढला तर त्याला काळी मिशी फुटलेली. राखेतलं लोह चिकटलं होतं. गाळणकागद सारखा तुंबत होता. खाली उतरणारं पाणी पिवळसर. मग धुणं सुरू झालं. प्रत्येक धुण्यानंतर ती पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब सोडायची आणि पांढरा गढूळपणा आला की म्हणायची, “अजून दूधच आहे, सर.” सल्फेट सुटत होतं, म्हणून पुन्हा पाणी. दुपार त्यातच गेली. पाणी नितळ राहिलं तेव्हा कुठे राख वाळवून भट्टीत गेली.

कोट्यातल्या प्रयोगांत अशा राखेवर सॅलिसिलिक आम्लापासून अ‍ॅस्पिरिन बनवलं गेलं आणि मिथेनॉल वापरून विंटरग्रीनचं तेलही, म्हणजे कंबरदुखीच्या मलमाला ज्याचा वास येतो ते. एरवी अ‍ॅस्पिरिनच्या प्रयोगात गंधकाम्लाचे काही थेंब मिश्रणातच टाकतात, आणि मग ते काढून टाकण्याची कटकट. राख घन असल्याने गाळून वेगळी करता येते, पुन्हा वापरता येते. ही खरी हुशारी आहे, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे.

पण काम नेमकं कोण करतंय? राखेला चिकटलेलं आम्लच हळूहळू द्रवात उतरून अभिक्रिया चालवत असेल, तर घन उत्प्रेरकाचा दावा फसवा ठरतो. त्याची कसोटी सोपी आहे: मिश्रण गरम असतानाच राख गाळून काढायची आणि उरलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे सरकते का ते पाहायचं. धुण्यावर ती पोरगी एवढी का अडून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. शिवाय दर वापरानंतर सक्रिय जागा मळतात, राख पुन्हा भाजावी लागते आणि तिचा भुगा गाळणीत अडकतो.

त्याहून मोठी अडचण खाणीची. कोळसा बदलला, बॉयलरचा ताव बदलला की राखेतली काच आणि लोह दोन्ही बदलतात. रसायन कारखान्याला दर पोत्यात तोच माल हवा असतो. आम्लधर्मी रेझिन किंवा कृत्रिम झिओलाइट हे तयार उत्प्रेरक ती हमी देतात, महाग असले तरी. आणि त्या पिवळ्या पाण्याचं काय? त्यात लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि आम्ल तर असतंच, कोळशातले जड धातूही थोडे उतरतात. ते चुन्याने मारलं की तळाशी गाळ बसतो, म्हणजे राखेच्या जागी दुसरा कचरा. ‘कचऱ्यातून संपत्ती’ असं फलकावर लिहिणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. उत्प्रेरक लागतो किलोत, राख निघते टनांत. वीजकेंद्रांचे राखेचे तलाव यातून रिकामे होणार नाहीत. महागड्या उत्प्रेरकाला स्वस्त पर्याय म्हणून ही राख टिकेल का, ते धुण्याच्या पाण्याच्या खर्चावर ठरेल.